हरिषेणानंतर वत्सगुल्माच्या गादीवर कोण बसलं?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात मान वर करून छत न्याहाळलं की फुलं, फळं, हत्ती, हंस यांच्या गर्दीत एक परका माणूस दिसतो. दाढी, डोक्यावर टोपी, अंगात घट्ट शिवलेला लांब अंगरखा, पायात मोजे. हातात पेला आहे आणि जवळ त्याच्याच देशाची वाटावी अशी बाई बसली आहे. एवढ्या उकाड्यात मोजे घालून बसलेला हा गृहस्थ कोण, याचं उत्तर जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ साली मोठ्या खात्रीनं दिलं. हा इराणचा ससानी बादशहा खुश्रू परवेझ आणि ती त्याची शिरीन. त्याच लेण्याच्या भिंतीवरचं दरबाराचं चित्र म्हणजे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी इराणी वकिलाचं स्वागत करतोय, असंही मग ठरलं. शाळेच्या पुस्तकांतून ही गोष्ट अनेक पिढ्यांनी वाचली.

फर्ग्युसन यांच्या म्हणण्याला आधार होता तो तबरी या इतिहासकाराचा. हिंदच्या एका राजानं खुश्रूच्या कारकिर्दीच्या छत्तिसाव्या वर्षी त्याला आणि त्याच्या मुलांना नजराणे पाठवले, असं तबरी सांगतो. हा राजा म्हणजे पुलकेशी असावा, असं नोल्डेके या जर्मन पंडितानं सुचवलं. नजराण्यांबरोबर पत्रंही होती. त्यांतलं शेरोया या मुलाच्या नावचं पत्र खुश्रूनं आधी स्वतः वाचून घेतलं, तर आत भविष्य निघालं: बापाच्या कारकिर्दीच्या अडतिसाव्या वर्षी राजमुकुट तुझ्या डोक्यावर येईल. बापाच्या हाती असं पत्र पडल्यावर त्या घरात काय वातावरण असेल, याची कल्पना करायला इतिहासकार लागत नाही.

भविष्य खरं ठरलं, निदान गोष्टीत तरी. फेब्रुवारी ६२८ मध्ये सरदारांनी खुश्रूला कैद केलं आणि शेरोयाला दुसरा कवाध या नावानं तख्तावर बसवलं. त्यानं बापाला मारवलं आणि पुढेमागे कोणी दावेदार उभा राहू नये म्हणून भावांनाही संपवलं. बायझंटाइन सम्राट हेराक्लियसशी तह करून सव्वीस वर्षांचं युद्ध थांबवलं. आणि त्याच वर्षी, पुरता पावसाळाभरही राज्य न भोगता, रोगाच्या साथीत तो गेला. मागे उरला सात वर्षांचा मुलगा, तिसरा अर्दशीर. त्याला दोन वर्षांच्या आत शाहरबराझ या सेनापतीनं मारलं आणि स्वतः तख्तावर बसला. तो जेमतेम चाळीस दिवस टिकला. घराण्यातले कर्ते पुरुष शेरोयानं आधीच कापून काढल्यामुळे खुश्रूच्या मुली, बोरान आणि आझर्मीदुख्त, यांना एकामागून एक राज्य करावं लागलं. चार वर्षांत इतके राजे झाले की तख्त ऊब धरेना. शेवटचा यज्दगर्द अरबांपुढे पळत पळत मर्वला ६५१ साली मारला गेला आणि ससानी साम्राज्य संपलं.

या सगळ्याचा वत्सगुल्माशी संबंध काय, असं विचाराल. संबंध असा, की पुढच्या संशोधनानं फर्ग्युसन यांचं गणित मोडीत काढलं. पहिलं लेणं पुलकेशीच्या काळातलं नाही, त्याच्या दीडशे वर्षं आधीचं, पाचव्या शतकातलं आहे. भिंतीवरच्या दरबाराची कथा डीटर श्लिंगलॉफ यांनी महासुदर्शन या बौद्ध कथेतली म्हणून ओळखली. छतावरचे इराणी पाहुणे म्हणजे त्या काळच्या व्यापारी वाटांवर दिसणारी परदेशी माणसं, चित्रकारानं हौसेनं रंगवलेली. आणि लेणं कोणाचं? वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाच्या मते ते खुद्द वाकाटक सम्राट हरिषेणानं खोदवलेलं. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम. चित्रातला बादशहा खुश्रू नव्हे हे खरं, पण खुश्रूच्या घरात जे घडलं तसंच काहीसं या लेण्याच्या मालकाच्या घरातही घडलेलं दिसतं.

आज वाशीमला जाणारा माणूस बालाजीच्या दर्शनाला जातो, पद्मतीर्थावर जातो, वत्स ऋषीची आणि गावच्या तीर्थांची कथा ऐकतो. वाकाटकांच्या राजवाड्याची एक भिंतही त्याला कोणी दाखवू शकत नाही. पण एके काळी या गावाचा दबदबा मोठा होता. राजशेखरानं काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते विदर्भातल्या याच वत्सगुल्म नगरात. इथल्या शाखेचा पहिला राजा सर्वसेन यानं हरिविजय हे प्राकृत काव्य लिहिलं होतं. ते काव्य आज मिळत नाही, पण आनंदवर्धनासारख्या मातब्बर टीकाकारानं त्याची दखल घेतली आहे.

गंमत म्हणजे वाशीमला स्वतंत्र वाकाटक शाखा होती, हेच १९३९ पर्यंत कोणाला नीट ठाऊक नव्हतं. वाकाटक म्हटले की रामटेकजवळचं नंदिवर्धन, प्रभावतीगुप्ता, दुसरा प्रवरसेन, एवढंच डोळ्यांपुढे येई. १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट उजेडात आला. दुसऱ्या विंध्यशक्तीनं आपल्या सदतिसाव्या राज्यवर्षात वत्सगुल्माहून दिलेलं हे दानपत्र. वंशावळ संस्कृतात, व्यवहाराचा मजकूर प्राकृतात, आणि दान दिलेलं गाव नांदेडकडच्या मुलखातलं. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी या ताम्रपटाच्या उजेडात अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला झिजलेला शिलालेख पुन्हा वाचला. आधीच्या वाचकांनी जिथे नंदिवर्धन शाखेचे राजे घुसडले होते, तिथे सर्वसेन आणि विंध्यसेन ही नावं निघाली. एका गावच्या ताम्रपटानं दूरच्या लेण्यातल्या भिंतीवरची चूक दुरुस्त केली. मला विचाराल तर विदर्भाच्या इतिहाससंशोधनातला हा सर्वांत देखणा क्षण आहे.

वंशावळ अशी: सर्वसेन, विंध्यसेन म्हणजेच दुसरा विंध्यशक्ती, प्रवरसेन, त्याचा मुलगा, देवसेन, हरिषेण. प्रवरसेनाच्या या मुलाचं नाव अजिंठ्याच्या लेखात तुटून गेलं आहे. तो आठ वर्षांचा असताना गादीवर आला आणि त्यानं राज्य चांगलं चालवलं, एवढं वाचता येतं. धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला हरिषेणाचा ताम्रपट मिळाला, तेव्हा या मुलाचं नाव सर्वसेन असल्याचं कळलं. देवसेनाच्या काळातली एक वस्तू तर वाशीमच्या अगदी शेजारी आहे. हिस्से बोराळा या गावी बंधाऱ्याच्या दगडावर कोरलेला लेख मिळाला. देवसेनाच्या एका अधिकाऱ्यानं सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याची ही नोंद शके ३८०, म्हणजे इसवी सन ४५८-५९ची आहे. वाकाटक राजे दानपत्रांवर फक्त आपलं राज्यवर्ष घालत. त्यामुळे शकाचा आकडा असलेला हा एकच लेख साऱ्या वाकाटक कालगणनेची मेख होऊन बसला आहे. गिरनारच्या पायथ्याच्या तलावाचं नाव सुदर्शन, आणि तेच नाव वऱ्हाडातल्या तलावाला देण्याची हौस या अधिकाऱ्याला होती, हेही लक्षात घेण्यासारखं.

देवसेन स्वतः चैनी असावा. कारभार हस्तिभोज या प्रधानावर टाकून तो सुखोपभोगात रमला, असं सोळाव्या लेण्यातला लेख जवळजवळ उघडच सांगतो. तो लेख कोरवणारा वराहदेव हा त्याच हस्तिभोजाचा मुलगा आणि हरिषेणाचा प्रधान. बापाची थोरवी सांगताना धन्याच्या बापाचा आळस त्यानं बेमालूम नोंदवून ठेवला. याच लेखात हरिषेणाच्या संबंधात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र अशी देशांची मोठी यादी येते. कर्नाटकापासून माळव्यापर्यंत आणि गुजरातपासून ओरिसापर्यंतचा पट्टा! मात्र नेमकं क्रियापद असलेली जागा फुटली आहे. जिंकले, मांडलिक केले, की नुसता दरारा बसवला, हे त्या फुटलेल्या जागेबरोबर गेलं. जे काही असेल ते, एवढा मुलूख एका पिढीत थेट कारभाराखाली आणणं शक्य नव्हतं. जागोजागचे राजे आपापल्या गादीवर तसेच राहिले असणार, आणि वत्सगुल्माला मान देत राहिले असणार, जोवर हरिषेण होता तोवर.

हरिषेण गेला कधी? मिराशींनी त्याचा काळ साधारण ४७५ ते ५०० असा धरला होता. स्पिंक यांनी तो मागे ओढून ४६० ते ४७७ असा बसवला. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही, पण स्पिंक यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. सुमारे अर्धं शतक ते अजिंठ्याला येत राहिले आणि ज्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं ते पाहत राहिले. भिक्षूंच्या खोल्यांची दारं कशी बसवली होती, दाराची खुंटी फिरायला चौकटीत खोबण कुठे कोरली, कोणत्या लेण्यात आधी एक तऱ्हा आणि मग दुसरी तऱ्हा दिसते, गाभाऱ्याच्या छतावर दिव्याची काजळी आहे की नाही. त्यांवरून लेण्यांचा क्रम त्यांनी वर्षागणिक लावला. इतका बारीक की इतर अभ्यासकांना तो जरा जास्तच बारीक वाटतो, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. दगडावरून शतक सांगता येतं, दशकही सांगता येईल, पण वर्ष सांगायला छातीच लागते.

तरी एक गोष्ट कोणालाही नाकारता येत नाही. अजिंठ्याचं काम हळूहळू मंदावलं नाही, ते एकाएकी थांबलं. चोविसाव्या लेण्यात गेलात तर हे डोळ्यांनी दिसतं. बाहेर नक्षीदार तुकडे तयार, आत खांब नुसते ओबडधोबड दगडाचे, छिन्नीचे घाव तसेच, जमीन पुरती खाली उतरलेली नाही. मोठ्या आराखड्याचं लेणं, आणि कारागीर हत्यारं उचलून निघून गेले. दुसरीकडे काही लेण्यांत बाकीचं सोडून फक्त गाभाऱ्यातली बुद्धमूर्ती घाईघाईनं पुरी केलेली दिसते. मूर्तीची प्रतिष्ठा झाली की दात्याला पुण्य मिळालं, खांबांची नक्षी राहिली तरी चालेल, असा हिशेब. त्यानंतर जिथे जागा सापडेल तिथे, मूळ आराखड्याची पर्वा न करता, भिक्षूंनी आणि छोट्या दात्यांनी आपापले लहान लहान बुद्ध बसवून घेतले. मालक उठून गेल्याची ही खूण. आणि पहिल्या लेण्याच्या, म्हणजे सम्राटाच्या स्वतःच्या लेण्याच्या गाभाऱ्यात पूजेच्या दिव्यांची काजळी नाही, म्हणून तिथली मूर्ती पूजेत आलीच नाही, असं स्पिंक म्हणतात.

आणखी एक पुरावा सव्विसाव्या लेण्यात आहे. तिथला शिलालेख बुद्धभद्र या भिक्षूचा. अश्मक राजाच्या भव्विराज या मंत्र्याच्या स्मरणार्थ त्यानं ते चैत्यगृह करवलं. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा मुलूख, वत्सगुल्माचा दक्षिणेकडचा शेजारी. या लेखात अश्मकांची स्तुती आहे, पण हरिषेणाचं किंवा वाकाटकांचं नाव नाही. धन्याचं नाव घेण्याची गरज मांडलिकाला वाटेनाशी झाली होती.

हरिषेणानंतर गादीवर आलेल्या राजाचा ताम्रपट नाही, शिलालेख नाही, नाणं नाही. स्पिंक त्याला तिसरा सर्वसेन म्हणतात. त्याची हकिगत म्हणून जे पुढे केलं जातं ते मिळतं एका संस्कृत कादंबरीत, दंडीच्या दशकुमारचरितात. तिचा आठवा उच्छ्वास विश्रुत नावाच्या कुमाराचा. विदर्भात पुण्यवर्मा नावाचा आदर्श राजा होता, त्याच्यामागे अनंतवर्मा आला, असं तिथे सुरू होतं. अनंतवर्मा हुशार, कलाप्रवीण, पण राजनीतीचा कंटाळा करणारा. वसुरक्षित नावाचा म्हातारा मंत्री त्याला चार गोष्टी सांगतो आणि राजाला त्या पटतातही. पण विहारभद्र नावाचा हुजऱ्या हे ऐकून अर्थशास्त्राची अशी टर उडवतो की वाचताना आजही हसू फुटतं.

चाणक्यानं राजाच्या दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग पाडले आहेत. विहारभद्र ते एकेक घेतो. पहिल्या भागात जमाखर्च ऐकायचा, आणि राजा ऐकत असतानाच अधिकारी दुप्पट खाऊन मोकळे. चाणक्यानं अफरातफरीचे चाळीस प्रकार सांगितले, यांनी अकलेच्या जोरावर त्यांचे हजार केले. दुसऱ्या भागात रयतेची भांडणं ऐकून कान किटायचे. तिसऱ्यात एकदाचं जेवायला मिळतं, पण घास पचेपर्यंत विषाची धास्ती. पुढे मंत्र्यांची खलबतं, हेरांच्या बातम्या, सैन्याची पाहणी. करमणुकीला मिळतात मोजक्या घटका, आणि झोपेत पुन्हा उद्याची काळजी. एवढं करून ज्यांनी हे शास्त्र शिकवलं त्यांना तरी काय मिळालं? तेव्हा महाराज, राज्य आहे ते भोगावं. सल्ला गोड होता, राजानं तो मानला.

मग अश्मकाचा राजा वसंतभानू डाव टाकतो. त्याच्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित, बापाशी भांडण झाल्याचं सोंग करून, विदर्भाच्या दरबारी येतो आणि प्रत्येक व्यसनाचं शास्त्रशुद्ध समर्थन करतो. शिकारीनं चरबी झडते आणि शेताची नासाडी करणारी जनावरं मरतात. जुगारानं मन उदार होतं. दारू तर औषधच. राजाचं पाहून सरदार, सरदारांचं पाहून रयत. सैन्य आतून पोखरलं जातं. शेवटी वसंतभानू वनवासीच्या राजाला स्वारी करायला लावतो, अनंतवर्मा मांडलिकांना मदतीला बोलावतो, आणि मदतीला आलेलेच उलटतात: कुंतल, मुरल, ऋषीक, कोकण, नासिक्य. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, त्यातला प्रकार. नर्मदेच्या काठच्या लढाईत अनंतवर्मा मारला जातो. लुटीच्या वाटणीवरून मांडलिकांना आपसात झुंजवून वसंतभानू सगळं गिळतो. राणी वसुंधरा मुलगी मंजुवादिनी आणि मुलगा भास्करवर्मा यांना घेऊन माहिष्मतीला दिराच्या आसऱ्याला जाते. दिराची नियत फिरते तेव्हा मुलाला गुपचूप बाहेर काढलं जातं. विंध्याच्या रानात एका विहिरीजवळ विश्रुताला तो भेटतो, तहानभुकेनं व्याकूळ झालेला, आठेक वर्षांचा.

हा भास्करवर्मा म्हणजे वाकाटकांचा अखेरचा वारस, अनंतवर्मा म्हणजे हरिषेणाचा मुलगा आणि पुण्यवर्मा म्हणजे स्वतः हरिषेण, अशी जुळणी मिराशींनी केली, आणि स्पिंक यांनी तिच्यावर आपला सगळा कालक्रम उभा केला. दंडी दोनेकशे वर्षांनंतरचा आणि कांचीचा, त्याला वत्सगुल्माच्या भानगडी कशा ठाऊक, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर असं, की त्याचे पूर्वज अचलपूरला राहत होते असं अवंतिसुंदरीकथेत आहे. अचलपूर ते वाशीम म्हणजे काही फार लांब नाही. घराण्यात सांगोवांगी आलेली हकिगत त्यानं वापरली असेल.

असेल. पण कादंबरी ती कादंबरीच. नावं सगळी बदललेली, वाकाटक हा शब्द नाही, वत्सगुल्म नाही. शिवाय व्यसनी राजा आणि सावध शेजारी हा साचा राजनीतीच्या प्रत्येक गोष्टीत सापडतो. म्हणून अनंतवर्म्याच्या जुगाराला आणि दारूला मी पुरावा मानत नाही. देवसेनही चैनीच होता की, त्याच्या काळात राज्य कुठे बुडालं? हस्तिभोजानं ते सांभाळलं. विश्वास ठेवावासा वाटतो तो उलटलेल्या मांडलिकांच्या यादीवर. वराहदेवाच्या लेखात ज्यांच्यामुळे हरिषेणाचा डंका वाजतो त्यांत कुंतल आहे, आणि दंडीच्या गोष्टीत गद्दारी करणाऱ्यांतही कुंतल आहे. त्रिकूट म्हणजे नाशिकच्या बाजूचा मुलूख, तर दंडीचा नासिक्यही तिथलाच. हरिषेणाची कीर्ती आणि त्याच्या मुलाचा घात, दोन्ही त्याच माणसांच्या हाती होतं.

शेरोयाचंही तेच. अरबी-फारसी बखरी त्याच्या पितृहत्येवर पानंच्या पानं खर्च करतात, पण त्याला तख्तावर बसवणारे सरदार खुश्रूच्या लांबलेल्या युद्धानं आधीच गांजलेले होते, तिजोरी रिकामी होती, हेराक्लियस राजधानीच्या दाराशी येऊन गेला होता. फरक एवढाच की शेरोयाचा दिवसन् दिवस लिहिला गेला. काही महिन्यांच्या राज्यात त्याची नाणी पडली, तहाची पत्रं गेली, साथीला त्याचं नाव लागलं. वत्सगुल्माच्या राजाच्या वाट्याला एक टोपणनाव आणि एक हुजऱ्या आला. त्याच्या मुलाचं काय झालं, तेही दंडीकडून पुरतं कळत नाही. विश्रुत मुलाचे शत्रू मारतो, त्याला माहिष्मतीत उभा करतो, आणि अश्मकाशी शेवटची लढाई व्हायच्या आतच दंडीचा मूळ मजकूर संपतो. पुढचा भाग नंतरच्या लोकांनी जोडलेला. इतिहासात मात्र सहाव्या शतकाच्या मध्याला या मुलखावर कलचुरींची चांदीची नाणी चालत होती आणि वाकाटकांचं नाव कोणी घेत नव्हतं.

ही कोंडी फोडणारा पुरावा मिळाला तर तो कादंबरीत मिळणार नाही, जमिनीत मिळेल, आणि तो कसा दिसेल हेही ठाऊक आहे. वाकाटकांचा ताम्रपट म्हणजे वीतभर लांबीचे तीन-चार तांब्याचे पत्रे, एका बाजूला भोक पाडून कड्यात ओवलेले, अक्षरं डोक्यावर चौकोनी पेटी असल्यासारखी. सुरुवातीला राजधानीचं नाव, मग वंशावळ, मग दान. हव्या असलेल्या ताम्रपटात हरिषेणाच्या पुढे आणखी एक नाव असेल. १८७८ सालचा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे: जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्याला कळवायची. विहीर खणताना, तुरीचं वावर नांगरताना असं हिरवं पडलेलं तांबं लागलं तर ते मोडीत घालू नये, आणि घासून लख्ख करायला तर मुळीच जाऊ नये. चिंचेनं घासलेल्या पत्र्यावरची अक्षरं मिराशींनाही वाचता आली नसती.